गोळी छातीत अडकते, नाहीतर घेऊनही लागू पडत नाही? गोळी बदलण्याआधी हे तपासा

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकल आहे. काउंटरच्या आत उभा राहून बावीस वर्षं झाली. या काळात औषधं बदलली, कंपन्या बदलल्या, पण दोन वाक्यं मी दर आठवड्याला ऐकतो. पहिलं, "ओ दादा, ही गोळी घेतली की हितं अडकती बघा," आणि बोट छातीच्या मधोमध. दुसरं, "हिचा काय उपेग न्हाई. दोन तास झालं तरी डोकं ठणकतंयच. जरा पावरची द्या की."

पूर्वी मी सरधोपट मार्ग धरायचो. अडकते म्हणाले की डॉक्टरांना दाखवा म्हणायचो, लागू पडत नाही म्हणाले की तेच औषध दुसऱ्या कंपनीचं द्यायचो. आठ-पंधरा दिवसांनी तोच माणूस, तीच तक्रार. आता मी आधी एकच गोष्ट विचारतो. गोळी कशी घेतली, आणि घेतल्यावर अर्धा तास बसला होतात, उभे होतात की आडवे? आडवे असाल तर कुठल्या कुशीवर? पुष्कळदा दुखणं तिथंच सापडतं.

हा प्रश्न मला आईच्या आजारपणानं शिकवला. पाय घसरून तिचं मनगट मोडलं, मग हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. चिठ्ठीवर "सकाळी उपाशीपोटी" एवढंच लिहिलेलं. आई पहाटे पाचला उठायची, तांब्यातून वरून एक घोट पाणी, गोळी गिळायची आणि उजाडायला वेळ आहे म्हणून परत अंथरुणात शिरायची. महिन्याभरात तिला भाकरीचा घास उतरेना. दूधभातावर आली. आम्ही पित्त समजून पित्ताच्या गोळ्या देत राहिलो. शेवटी दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा अन्ननलिकेत जखम दिसली. ही गोळी मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नसतं, आणि दिवसाचं पहिलं खाणं होईपर्यंत तर नाहीच. हे सगळं गोळीबरोबरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी ती गोळी कितीतरी लोकांना विकली होती आणि घरात आईला सांगितलं नव्हतं. त्याचं वाईट आजही वाटतं. हे लिहायला बसलो ते त्यामुळेच.

आधी पोटातला रस्ता समजून घ्या

जठर म्हणजे सरळ पिशवी नव्हे. ते काजूसारखं वाकडं असतं. त्याचा वरचा फुगीर भाग डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड. तिथून ते खाली येत उजवीकडे वळतं, निमुळतं होतं आणि त्या निमुळत्या टोकाला एक दार असतं. दाराच्या पलीकडे लहान आतडं सुरू होतं.

पोटातून घ्यायच्या बहुतेक औषधांचं खरं काम या दाराच्या पलीकडे सुरू होतं. गोळी जठरात विरघळते, पण रक्तात शिरते ती मुख्यतः लहान आतड्यातून. हे आतडं सुमारे ६ मीटर लांब, आणि आतून मखमलीसारखं लव असलेलं, त्यामुळे शोषून घ्यायला जागाच जागा. जठराच्या आत तेवढी सोय नाही. म्हणजे डोकेदुखीची गोळी किती वेळात लागू पडणार हे, ती दाराशी कधी पोचते आणि दार तिला कधी पुढे सोडतं, यावर पुष्कळसं ठरतं. जठराच्या निमुळत्या भागात मिनिटाला साधारण ३ लाटा उठतात. घुसळणं, दळणं, पुढे ढकलणं, सगळं त्या लाटा करतात. वरच्या फुगीर भागात तसं घुसळणं होत नाही. तिथं अन्न साठून राहतं.

आता डोळ्यांसमोर आणा. पाण्यात बुडणारी गोळी आहे आणि तुम्ही उजव्या कुशीवर झोपलात. जठराचं निमुळतं टोक आणि दार खाली आलं. गोळी आपल्या वजनानं तिथंच जाऊन बसणार, जिथं घुसळण सर्वांत जोरात. डाव्या कुशीवर झोपलात तर उलटं. फुगीर भाग खाली, दार वर. गोळी खोलगट भागात पडून राहणार आणि विरघळलेलं औषधही चढावर चढल्यासारखं हळूहळू दाराकडे सरकणार.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली हेच संगणकावर जठराची प्रतिकृती उभारून मोजलं. उजव्या कुशीवर ज्या गोळीला विरघळायला १० मिनिटं लागतात तिला ताठ बसलेलं किंवा उभं असताना २३ मिनिटं लागतात, आणि डाव्या कुशीवर १०० मिनिटांच्या वर. उताणं झोपणं साधारण ताठ बसण्याच्या जवळपास निघालं. हा संगणकातला हिशेब आहे, प्रत्यक्ष पेशंटवर मोजलेला नाही. तुमच्या पोटातले आकडे वेगळे असतील, जेवण झालंय की नाही यावरही बदलतील. पण दिशा पटण्यासारखी आहे, कारण जठराचा आकार माणसामाणसांत थोडाफार वेगळा असला तरी दार जवळजवळ सगळ्यांचं उजवीकडेच असतं.

तक्रार : "गोळी लागूच पडत नाही"

आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पारा चाळिशीच्या वर. यंत्रमागावर पहाटेची पाळी करून आलेला माणूस बारा-साडेबाराला जेवतो. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल, एखाद्या दिवशी शेंगाची पोळी. डोकं दुखत असतं, म्हणून जेवणावर पॅरासिटामॉलची गोळी घेतो आणि पंखा लावून फरशीवर वामकुक्षी घेतो. नावातच वाम आहे. घरच्या जुन्या माणसांनी शिकवलेलं, जेवल्यावर डाव्या कुशीवर पडावं.

या एका दुपारीत गोळी उशिरा पोचण्याची तीन कारणं जमा झाली. जेवण भरपेट, तेही तेलाचं आणि शेंगदाण्याचं. स्निग्ध अन्न जठर रिकामं व्हायला वेळ लावतं. वर डावी कूस. आणि पाणी दोन घोट. दोन तासांनी हा माणूस डोकं धरून माझ्याकडे येतो आणि म्हणतो की गोळी बोगस आहे.

खरा धोका पुढे आहे. गोळी लागू पडली नाही असं वाटून तो तासाभरात दुसरी घेतो. पहिली वाया गेलेली नसते, ती जठरात वाट बघत असते. मग दोन्ही एकत्र लागू होतात. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांमध्ये निदान चार ते सहा तास हवेतच. आणि सर्दीच्या, तापाच्या, अंगदुखीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच. नाव वेगळं, औषध तेच. जास्तीचं पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं, आणि पहिल्या दिवशी त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून गोळी उशिरा लागू पडली तर दुसरी गोळी हा त्यावरचा उपाय नव्हे.

मी काय सांगतो? दुखण्याची किंवा तापाची साधी गोळी लवकर लागू पडायला हवी असेल आणि डॉक्टरांनी ती जेवणानंतरच घ्यायला सांगितली नसेल, तर पोट फार भरलेलं नसताना घ्या. पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या. मग दहा-पंधरा मिनिटं बसा किंवा घरातल्या घरात फिरा. आपली शतपावली इथं उपयोगी पडते. त्यानंतर पडायचंच असेल तर त्या दिवशी उजव्या कुशीवर पडा. एवढं करून पाहा आणि मग मला सांगा की गोळी कशी आहे.

पण सगळ्या दुखण्याच्या गोळ्यांना "रिकाम्या पोटी" लागू नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या जठराच्या अस्तराला त्रास देणाऱ्या गोळ्या आहेत. त्या डॉक्टर काहीतरी खाऊन घ्यायला सांगतात ते सकारण. तिथं थोडा उशीर परवडला, रक्तस्राव परवडत नाही.

अर्धशिशीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. अर्धशिशी उठते तेव्हा जठराची हालचालच मंदावते. म्हणून डॉक्टर कधीकधी जठर पुढे ढकलणारं औषध बरोबर देतात. कळ सुरू होताच गोळी घ्यावी, ती भरात येईपर्यंत थांबू नये, त्याचं एक कारण हेही आहे. असा माणूस अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडतो. त्याला उजव्या कुशीवर वळवा. काही बिघडत नाही, झाला तर फायदाच होईल.

बऱ्याच वर्षांपासून शुगर असलेल्यांचं जठर कधीकधी कायमचंच मंद होतं. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं, जेवणानंतर कितीतरी वेळ जडपणा, मळमळ, आणि शुगर कधी फार खाली, कधी फार वर. अशा माणसानं कूस बदलून भागत नाही. त्यानं ही सगळी लक्षणं डॉक्टरांसमोर एका दमात सांगायला हवीत, कारण मळमळीसाठी एक डॉक्टर आणि शुगरसाठी दुसरे असं झालं की दोघांनाही अर्धंच दिसतं.

आणि ज्यांना काहीच बदलायची गरज नाही असेही खूप आहेत. बीपीची ॲम्लोडिपिनसारखी रोजची गोळी रक्तात दिवसभराहून जास्त टिकते. ती आज वीस मिनिटं उशिरा शोषली गेली म्हणून बीपी वाढत नाही. रोजच्या बहुतेक गोळ्यांचं असंच आहे. त्यांच्यासाठी ठरलेली वेळ न चुकवणं कुशीपेक्षा शंभर पटींनी महत्त्वाचं. हे वाचून कुणी बीपीच्या गोळीनंतर रोज उजव्या कुशीवर पडून राहू नये. थायरॉइडच्या गोळीचंही गणित वेगळं. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. तिथं कूस दुय्यम, चहाचा कप खरा अडथळा.

तक्रार : "हितं अडकते आणि जळजळतं"

ही तक्रार जास्त गंभीर आहे आणि टाळायला जास्त सोपी.

अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटरची. घास तिथून काही सेकंदांत उतरतो, कारण लाळेनं ओला असतो आणि मऊ असतो. कोरडी गोळी, विशेषतः कॅप्सूल, ओलसर भिंतीला चिकटते. जिलेटिनचं कवच भिजलं की डिंकासारखं होतं. माणूस आडवा असेल आणि पाणी एकच घोट असेल तर गोळी तिथंच मिनिटांमागून मिनिटं बसून राहते, विरघळायला लागते आणि त्या जागी भाजल्यासारखी जखम करते. झोपेत आपण लाळही कमी गिळतो, त्यामुळे रात्री झोपण्याच्या क्षणी घेतलेली गोळी सर्वांत वाईट.

जखम करण्यात काही औषधं पुढे आहेत. मुरमांसाठी, काही तापांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन, हाडांची ॲलेंड्रोनेट, पोटॅशियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, ॲस्पिरिन आणि वेदनाशामकं. कॉलेजातली पोरं मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेतात. अभ्यास करून रात्री एकला कॅप्सूल तोंडात टाकतात, बाटलीतून घोटभर पाणी, दिवा बंद. तिसऱ्या दिवशी गिळताना छातीत सुरी फिरल्यासारखं होतं म्हणून घाबरून येतात. अशा वयात हृदयाची शंका कमी असते, पण कळ इतकी तीव्र असते की आईवडील रात्रीच दवाखान्यात धावतात.

१९८२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात गोळ्या गिळल्यावर अन्ननलिकेतून कशा उतरतात ते पाहिलं होतं. निष्कर्ष साधा होता. गोळी निदान १०० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर निदान दीड मिनिट उभे राहा. १०० मिलिलिटर म्हणजे चहाच्या टपरीवरचा कटिंगचा ग्लास भरून. जखम करणाऱ्या गोळ्यांसाठी मी पेलाभर पाणी आणि अर्धा तास ताठ बसणं सांगतो.

पाण्याबद्दल थोडं मनातलं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी काही दिवसांआड येतं. घराघरात पिंपं, हंडे, बादल्या. पाणी पुरवून वापरायची सवय इतकी मुरली आहे की म्हातारी माणसं गोळीवर घोटभर पाणी घेतात आणि उरलेलं माठात परत ओततात. ही काटकसर मला कळते. पण गोळीच्या वेळचं फुलपात्रभर पाणी वाचवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

आता पाणी कसं पिता ते पाहा. आपल्याकडे भांड्याला ओठ न लावता, मान मागे टाकून वरून पाणी प्यायची रीत आहे. ती स्वच्छतेसाठी चांगली, गोळीसाठी वाईट. मान मागे गेली की गिळण्याचा रस्ता ताणला जातो आणि ठसका लागायची शक्यता वाढते. कॅप्सूल तर हलकी असते, पाण्यावर तरंगते. मान मागे टाकली की ती दातांच्या दिशेला तरंगत येते आणि पाणी एकटंच घशात उतरतं. मग माणूस म्हणतो, कॅप्सूल जातच नाही. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातल्या मंडळींनी २०१४ साली यावर उपाय तपासले. कॅप्सूल जिभेवर ठेवा, घोटभर पाणी तोंडात घ्या, मग मान खाली घाला, हनुवटी छातीकडे, आणि तशीच गिळा. कॅप्सूल तरंगून घशाकडे जाते. चपट्या गोळीसाठी त्यांनी मऊ प्लास्टिकच्या बाटलीला ओठ घट्ट लावून, पाणी ओढून घेत गिळायची रीत सुचवली. दोन्ही रीतींनी बऱ्याच लोकांना गिळणं सोपं गेलं. मी काउंटरवर रिकामी बाटली ठेवली आहे, करून दाखवायला.

कॅप्सूल अडकल्यासारखी वाटली तर आडवे होऊ नका. उभं राहून आणखी पाणी प्या, घोटाघोटानं. केळ्याचा मऊ घास चालतो. कडक भाकरीचा तुकडा ढकलायला वापरू नका, जखम झालेली असेल तर ती सोलवटते. आणि लक्षात ठेवा, गोळी उतरून गेल्यावरही जागा हुळहुळत राहिल्यानं अडकल्याचा भास राहू शकतो. गिळताना दुखणं दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, तर दाखवून घ्या.

विड्या वळणाऱ्या अक्कांसाठी वेगळं

आमच्या भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कातरलेली पानं, पाठ वाकलेली, पोट दाबलेलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जेवण तिथंच उरकायचं आणि परत सुपावर वाकायचं. पोटावर दाब आला की जठरातलं आंबट वर ढकललं जातं. तंबाखूचा आणि धुळीचा त्रास वेगळाच. या बायका माझ्याकडे लोहाच्या गोळ्या नेतात, कारण अंगात रक्त कमी. गोळी गिळून लगेच वाकतात. मग "लोहाच्या गोळीनं पित्त होतंय ओ" म्हणून गोळीच सोडतात. रक्त आहे तिथंच राहतं.

एका अम्मांना मी सांगितलं, गोळीच्या आधीच पेलाभर पाणी भरून ठेवा, गोळी घेतली की सूप बाजूला ठेवून अर्धा तास उठून कामं करा. भांडी लावा, पाणी भरा, पण वाकायचं नाही. आणि गोळीवर चहा नको. चहा लोहाला नीट शोषू देत नाही. लिंबू पिळलेलं पाणी चालेल. "अर्धा तास म्हंजे किती विड्या बुडतात ठावं हाय का तुला?" असं त्या म्हणाल्या. खरं आहे. मजुरी नगावर मिळते. म्हणून आम्ही गोळीची वेळच बदलली. रात्री स्वयंपाकाच्या आधी, जेव्हा त्या तशाही उभ्या असतात. आता गोळी चालू आहे. उपाय माणसाच्या दिवसात बसला नाही तर तो कागदावरच राहतो, हे मला त्यांनी शिकवलं.

मग वामकुक्षी चुकीची का?

नाही. आणि इथं लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. ज्यांना रात्री आंबट पाणी घशाशी येतं, जळजळीनं जाग येते, त्यांच्यासाठी डावी कूसच चांगली. अन्ननलिका जठराला मिळते ती जागा अशी आहे की डाव्या कुशीवर झोपलं की जठरातलं आम्ल त्या तोंडाच्या खालच्या पातळीला राहतं. उजव्या कुशीवर तेच तोंड आम्लाखाली बुडतं. म्हणजे औषधाला जी कूस सोयीची ती पित्ताला गैरसोयीची.

यातून वाट काढायची ती वेळ वाटून. गोळी घेतली, अर्धा तास ताठ बसलात, की गोळी जठरात पोचलेली असते आणि साधारणपणे विरघळायला लागलेली असते. मग रात्रीची झोप डाव्या कुशीवर घ्या. घाईची गोळी नसेल तर काही बिघडत नाही. झोप आणि रात्रीचं जेवण यात तीन तासांचं अंतर ठेवा. आणि उशांवर उशा रचू नका. त्यानं फक्त मान आणि कंबर वाकते, पोट दुमडतं आणि आम्ल जास्तच वर येतं. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवा, १५ ते २० सेंटीमीटर. सगळा पलंगच उतरता झाला पाहिजे. बाज असेल तर आणखी सोपं. विटा हलणार नाहीत एवढं बघा.

दिवस भरत आलेल्या बायकांना डॉक्टर कुशीवर, बहुधा डाव्या कुशीवर झोपायला सांगतात. ते गोळीसाठी मोडू नका. लोहाची गोळी बसून घ्या, अर्ध्या तासानं पडा, कूस डॉक्टर सांगतील तीच.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला गोळी देताना

हे लिहिताना माझा हात जड होतो. एका दवाखान्यात मी पाहिलं आहे, अर्धांगवायू झालेल्या आजोबांना उताणं झोपवूनच गोळी तोंडात टाकली आणि चमच्यानं पाणी सोडलं. ठसका लागला, तोंड निळं पडलं. वाचले, पण पाणी छातीत गेलं आणि न्यूमोनिया झाला.

गोळीआधी माणसाला उठवून बसवा, निदान पाठीला लोड आणि उशा लावून जवळजवळ ताठ करा. मान मागे पडू देऊ नका, हनुवटी थोडी खाली. गोळी तोंडाच्या चांगल्या बाजूला ठेवा, लुळ्या बाजूला ती गालात अडकून राहते. एक गोळी, एक घोट, गिळलं का ते पाहा, तोंड उघडून बघा, मग दुसरी. नंतर अर्धा तास तसंच बसतं ठेवा. पाण्यानं सारखा ठसका लागत असेल किंवा आवाज ओला, घरघरता होत असेल तर गोळ्या बंद ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. औषध पातळ रूपात, दाट करून, की नळीतून द्यायचं ते त्यांनी ठरवायचं.

गोळी जात नाही म्हणून खलबत्त्यात कुटू नका. पित्ताच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीला आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, कुटली की ती जठरातच निकामी होते. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असेल तर ती दिवसभर हळूहळू सुटायला बनवलेली असते, कुटल्यावर सगळा डोस एकदम अंगात जातो. आधी मेडिकलवाल्याला विचारा. विचारायचे पैसे पडत नाहीत.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी यातल्या कशातच बसत नाही. ती गिळायची नाही, तिथूनच रक्तात जाते. पण ती बसून घ्यायची, कारण बीपी एकदम उतरून उभा माणूस कोसळू शकतो.

कूस बदलत बसायचं नाही अशा वेळा

छातीत जळजळ म्हणजे पित्तच, हा आपल्याकडचा सर्वांत घातक समज. जळजळीबरोबर दरदरून घाम, दम लागणं, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात जाणं, पायऱ्या चढताना वाढणं, यातलं काहीही असेल तर सोडा पीत बसू नका, रिक्षाची वाट न बघता १०८ ला फोन करा. काळी डांबरासारखी संडास, रक्ताची उलटी, स्वतःची लाळही गिळता न येणं, वजन उतरत जाऊन घास अडकत जाणं, हीसुद्धा आजच्या आज दाखवायची लक्षणं आहेत.

हे नसेल आणि वरचं सगळं आठवडाभर नीट करूनही तक्रार तशीच असेल, तर डॉक्टरांकडे जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या. गोळीचं नाव आणि ताकद. कधी घेता, जेवणाच्या किती आधी किंवा नंतर. किती पाणी. नंतर अर्धा तास बसता, उभे राहता की पडता, आणि पडलात तर कुठल्या कुशीवर. किती वेळानं लागू पडते किंवा किती वेळानं जळायला लागतं. बरोबर चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं. स्ट्रिप बरोबर न्या, नुसती "ती पांढरी, गोल" सांगू नका. पांढऱ्या गोल गोळ्या माझ्या दुकानात कपाटभर आहेत.